जुनी एफआय गाडी घेतली, गरम झाली की अडखळायली. टाकीतला पंप बदलू का?

केजचा_रस्ता
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

संभाजीनगरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०२१ ची दोनशे सीसी गाडी घेतली. बीएस-६, एफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनची, सिंगल सिलेंडर, ऑइल कूल्ड. मीटरवर ३४ हजार आहेत, खरे किती ते देव जाणे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नसता धागा 'ही भारी का ती भारी' यातच संपतो. याआधी माझ्याकडं कार्बोरेटरची शंभर सीसी होती, तिचा कार्ब मी घरीच खोलून साफ करायचो. ह्या गाडीत कुठं हात घालायचा तेच कळंना.

दुखणं असं आहे. सकाळी सेल्फ मारला की लगेच चालू होते, पहिले आठ-दहा किलोमीटर एकदम मऊ चालते. पुरती गरम झाली की चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ५०-५५ ला रेस धरून ठेवली तर झटके द्यायलीय, जणू कुणी मागून ओढतंय. चौकात थांबलं की आरपीएम ९०० वर येतो, लगेच १८०० वर जातो, परत खाली, आणि शेवटी बंद. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. पण रेस पूर्ण पिळली तर काहीच त्रास नाही, मांजरसुंब्याचा घाट दाबात चढते.

मायलेज २८ पडायलंय. मित्राकडं हीच गाडी आहे, ती ४० देते. पेट्रोलचा वासही येतो. आधीच्या मालकानं सायलेन्सर बदललेला आहे, गल्लीत शिरलं की सगळ्यांना कळतं.

बीडच्या एका गॅरेजवाल्यानं गाडी चालवूनही न बघता सांगितलं, "पंप गेलाय, साडेसात हजार." रोज केज-अंबाजोगाई जाणं-येणं आहे, गाडीशिवाय भागत नाही. पंप टाकून मोकळा होऊ का?


मिस्त्री_लातूर
सोमवार, रात्री १०:२५

पंप बदलू नका. साडेसात हजार खिशात ठेवा.

तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर हाय. पंप कमजोर असता तर गाडीनं सगळ्यात आधी घाटात दम सोडला असता. फुल रेसला पेट्रोल जास्त लागतं, तिथंच ते कमी पडायला पाहिजे. तुमची गाडी तिथं पळायली आणि कमी रेसला रडायली. हे उलटं हाय. त्या गॅरेजवाल्याला एफआय म्हणलं की पंप एवढंच ठाऊक असंल.

तीन गोष्टी बघून सांगा. एक, चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद सूं असा आवाज येतो का. दोन, स्पार्क प्लग काढा आणि रंग सांगा. गाडी गरम असताना काढू नका, हेडची चुडी (आटे) जाईल. तीन, चावी फिरवल्यावर मीटरमध्ये इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो का, आणि गाडी चालू झाल्यावर विझतो का. तिसरं नीट बघा.


उसाचा_फड
सोमवार, रात्री ११:०२

एवढा खल कशाला? इथेनॉल आहे दुसरं काय. मी स्वतः मांजरा काठी ऊस लावतो, कारखान्याला घालतो, माझ्याच उसाचं इथेनॉल माझ्याच गाडीत येतं, तरी सांगतो: जेव्हापासून २० टक्के मिसळायलेत तेव्हापासून कुठल्याच गाडीचं मायलेज राहिलं नाही. पाच वर्षांची गाडी म्हणजे ई-२० साठी बनवलेलीच नाही. रबर फुगतात, पंप जाम होतो. टाकी रिकामी करून साधं पेट्रोल टाकून बघा. मिळालं तर!


वाळूज_शिफ्ट
मंगळवार, सकाळी ७:१५

रात्रपाळी संपवून लिहितोय, थोडं लांबेल.

फडसाहेब, इथेनॉलमुळं मायलेज कमी होतं हे खरं, पण किती ते बघा. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-१० वर जुळवलेल्या दुचाकींना ई-२० वर ३ ते ४ टक्के घट सांगितली आहे. रस्त्यावर याहून थोडी जास्त धरली तरी ४० चे ३७ होतील. ४० चे २८ म्हणजे ३० टक्के घट, ती एकट्या इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही. शिवाय मित्राची गाडी त्याच पंपांवरचं पेट्रोल पिऊन ४० देतेय.

रबर आणि पाण्याचा मुद्दा वेगळा, तो मान्य. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पाणी खाली बसतं. पण हे पाणी थंड-गरम, कमी-जास्त रेस बघत नाही. ते सगळीकडं त्रास देतं.

आता केजकर, तुमच्या गाडीबद्दल. कार्बोरेटरमध्ये जेट ठरलेला असतो. एफआयमध्ये पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, दर फेऱ्याला ठरवतो. त्यासाठी तो थ्रॉटल (रेस पिळली की उघडणारी हवेची झडप) किती उघडला, हवेचा दाब किती, इंजिन किती तापलं हे सेन्सरकडून घेतो. आणि धुराड्यात ऑक्सिजन किती उरला हे ओटू सेन्सर सांगतो. ऑक्सिजन जास्त उरला तर ईसीयू पेट्रोल वाढवतो, कमी उरला तर घटवतो.

मेख अशी की ईसीयू ओटू सेन्सरचं कायम ऐकत नाही. इंजिन थंड असताना ऐकत नाही, पूर्ण रेसला बहुतेक गाड्यांत ऐकत नाही. तेव्हा तो स्वतःच्या तक्त्यावर चालतो. इंजिन गरम झालं आणि रेस कमी किंवा स्थिर असली की मग ऐकतो. आता तुमची यादी वाचा: थंड असताना चांगली, फुल रेसला चांगली, गरम झाल्यावर कमी रेसला वाईट. सेन्सर चुकीचं सांगत असेल तर गाडी नेमकी अशीच वागेल.

सायलेन्सर बदललाय म्हणालात. फक्त मागचा डबा बदललाय का इंजिनपासूनचा बेंड पाईपही? हे आधी बघा.


शिक्षिका_हिंगोली
मंगळवार, दुपारी २:१०

मधेच बोलते, पण बॅटरी मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. माझी स्कूटर एफआय आहे, मागच्या पावसाळ्यात तिनं असंच छळलं होतं. मल्टिमीटर दोन-तीनशेला मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ च्या आसपास असावी. सेल्फ मारताना १० च्या खाली जाऊ नये. गाडी चालू करून रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून कमी असेल तर चार्जिंग नाही, पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो ईसीयूला मारू शकतो.

आणि धक्का मारून चालू करायची जुनी सवय सोडा. बॅटरी पार मेलेली असेल तर पंप फिरत नाही, ईसीयू जागा होत नाही, गल्लीतली सगळी पोरं लावली तरी उपयोग नाही.


परभणी_जंक्शन
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

दादा, सायलेन्सर मोकळा टाकलाय तर ईसीयू रीमॅप करून, म्हणजे त्याच्यातला पेट्रोलचा तक्ता बदलून घ्या, सगळं एकदम सुटेल. पिकअप पण वाढतो. पुण्यात करून मिळतं.


मिस्त्री_लातूर
मंगळवार, संध्याकाळी ७:०५

आधी दुखणं काय ते तर कळू द्या. तापलेल्या माणसाला कुस्तीला कशाला उतरवायलाव.


केजचा_रस्ता
मंगळवार, रात्री १०:५०

सगळं बघितलं.

पंपाचा आवाज येतो, अडीच-तीन सेकंद, मग थांबतो. बॅटरी सकाळी १२.५, सेल्फ मारताना १०.६, रेसवर १४.१. ताईंचे आभार, मीटर घेऊन ठेवला.

प्लग काळा आहे. कोरडी काजळी, बोटाला लागते. तेलकट नाही.

आणि मिस्त्रीकाका, पिवळा दिवा लागतच नाही. चावी फिरवली की एबीएसचा लागतो, न्यूट्रलचा लागतो, इंजिनचा नाही. मला वाटलं दिवा लागत नाही म्हणजे काही बिघाड नाही.


मिस्त्री_लातूर
मंगळवार, रात्री ११:१०

कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जायलंय. पांढरट असता तर कमी, ओलं तेलकट असता तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील. वाळूजवाल्यांचं बरोबर वाटायलंय.

दिवा चावीबरोबर लागलाच पाहिजे. तो लागणं हीच त्याची तपासणी हाय. लागत नाही म्हणजे दिवा गेलाय, नसता कुणीतरी मारलाय. जुनी गाडी विकताना हे धंदे चालतात. मीटर खोलता येतं का बघा, नसता जवळच्या वायरिंगवाल्याकडं जा. मीटरची वायर ओढू नका, क्लिप दाबून काढा.


केजचा_रस्ता
बुधवार, रात्री ९:१५

वायरिंगवाल्याकडं मीटर खोललं. आतल्या पट्टीवर जिथं इंजिनचं चित्र आहे, तिथं पाठीमागून काळ्या टेपचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा नेटका कापून चिकटवलेला. कडा सरळ, कात्रीनं कापलेल्या. वायरिंगवाला हसायला लागला, म्हणे असलं लई बघितलंय. टेप काढला, चावी फिरवली, दिवा लागला. गाडी चालू केली, तरी विझला नाही.

डीलरला फोन केला. "आम्ही गाडी जशी आली तशीच दिली." पुढं बोलणंच नाही.


गोदाकाठ
बुधवार, रात्री ९:४०

त्या टेपचे फोटो काढून ठेवा, डीलरशी झालेले मेसेज जपून ठेवा. आणि आरसी अजून तुमच्या नावावर झाली नसेल तर ते आधी उरका. फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर आधीचं कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायचा असतो, लोक हेच विसरतात. आधीच्या मालकाच्याच नावावरची गाडी घेऊन वर्षानुवर्षं फिरणारे कमी नाहीत, पण अपघात झाला की मग धावपळ.

बाकी चालू द्या, विषय गाडीचाच ठेवा.


वाळूज_शिफ्ट
गुरुवार, सकाळी ७:३०

आता कोड वाचा. सीटखाली सहा पिनांचं सॉकेट असेल, रबरी टोपीखाली. त्याला जोडायची सहा पिन ते सोळा पिन वायर मिळते, आणि ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर. दोन्ही मिळून पंपाच्या किमतीच्या कितीतरी आत. मोबाईलवर ॲप टाकलं की कोड तर दिसतातच, चालू आकडेही दिसतात. कोड फक्त कुठली वायर ओरडतेय ते सांगतो, का ओरडतेय ते आकड्यांवरून कळतं.

इंजिन पूर्ण गरम करून, जागेवर चालू ठेवून हे बघा: ओटू सेन्सरचा व्होल्टेज, थ्रॉटलचा व्होल्टेज, इंजिनचं तापमान, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय) दिसत असेल तर तो. चांगला ओटू सेन्सर गरम झाल्यावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली होतो. एका जागी बसला तर गडबड.

वायर येईपर्यंत टाकीखाली टॉर्च मारा. चार वायरींची एक शेपटी कुठं जातेय ते शोधा.


केजचा_रस्ता
शनिवार, दुपारी ४:२०

शोधली.

बेंड पाईपसकट सगळं सायलेन्सर बाहेरचं आहे. त्या पाईपला सेन्सर बसवायला भोकच नाही. सेन्सर कुठं होता? टाकीच्या खाली, फ्रेमच्या नळीला दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेला. त्याच्या वायरीचा प्लग जोडलेलाच आहे, टोक हवेत. त्याच्या बाजूनं पेट्रोलचा पाईप गेलाय, बोटभर अंतरावर. एक पट्टी तर वितळून चपटी झालीय.

अडॅप्टर लावला. कोड पी ०१३१. ओटूचा व्होल्टेज ०.०६ वर बसलेला, हलतच नाही. फ्युएल ट्रिम अधिक २५ वर चिकटलेला. थ्रॉटल बंद असताना ०.९२ व्होल्ट.


वाळूज_शिफ्ट
शनिवार, संध्याकाळी ५:००

पी ०१३१ म्हणजे ओटू सेन्सरचा व्होल्टेज कमी. सेन्सर बिचारा खरंच बोलतोय. तो मोकळ्या हवेत आहे, त्याला ऑक्सिजनच ऑक्सिजन दिसतोय. ईसीयूला वाटतं इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून तो पेट्रोल वाढवत सुटलाय. अधिक २५ म्हणजे त्याच्या हातात आहे तेवढं सगळं वाढवून झालं. तरी सेन्सर म्हणतो हवा जास्त. म्हणून काजळी, वास, २८ चं मायलेज आणि चौकात बंद पडणं.

चार वायरी म्हणजे आत हीटर आहे. म्हणून तो हवेत लटकूनही काम करतोय. आणि ते टोक काही शे अंशांपर्यंत तापतं. पेट्रोलच्या पाईपशेजारी! आजच सोडवा, वायरीचा प्लग काढा, गाडी तशी चालवली तर दिवा लागेल पण ईसीयू तक्त्यावर चालेल. लटकता जोडलेला ठेवण्यापेक्षा ते बरं.


मिस्त्री_लातूर
शनिवार, संध्याकाळी ५:४०

भाजी चुलीवर शिजायली आणि चव शेजारच्या घरची बघायलेत, असं झालंय.

आता दोन रस्ते. या पाईपला बॉस, म्हणजे सेन्सर बसवायचं आट्याचं भोक, वेल्ड करून घ्या, नसता कंपनीचा बेंड पाईप आणा. मी म्हणतो दुसरा. बॉस कुठं पाहिजे, किती वाकडा पाहिजे, हे कंपनीनं ठरवलेलं असतं. सेन्सर पाईपच्या खालून, टोक वर करून बसला की त्यात पाणी साचतं आणि मरतो. शिवाय त्या डब्यात धूर साफ करणारी जाळी (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पण नसंल, पीयूसीला अडकाल आणि पोलिसाला पण सापडाल. कंपनीचा नवा पाईप महाग पडंल. आधीच्या मालकाला विचारा, लोक जुना सायलेन्सर फेकत नाहीत.


केजचा_रस्ता
सोमवार, रात्री ८:३०

सर्व्हिस बुकात आधीच्या मालकाचा नंबर होता. पैठणच्या बाजूचं गाव. माणूस सरळ निघाला, म्हणाला, "माळवदावर पडलंय, घेऊन जा की." दिव्याचं विचारलं तर त्याला काहीच माहीत नव्हतं, त्यानं विकली तेव्हा पिवळा दिवा लागायचा म्हणे. म्हणजे टेप कुणी लावली ते समजून घ्या.

पाईप आणला, बसवला. सेन्सर जागेवर. कोड पुसला, दिवा विझला. झटके जवळपास गेले. पण रेस सोडली की सायलेन्सरमधून फट-फट करतंय, आणि जागेवर आरपीएम १९०० च्या खालीच येत नाही. मॅन्युअलमध्ये १४०० च्या आसपास लिहिलंय.


मिस्त्री_लातूर
सोमवार, रात्री ९:२०

गास्केट नवं टाकलं का? हेड आणि बेंड पाईपच्या मधली रिंग. जुनी एकदा दाबली की दुसऱ्यांदा बसत नाही. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, रेस सोडली की आतलं उरलेलं जळतं आणि फट-फट. आणि ती हवा सेन्सरच्या आधी शिरायली म्हणून सेन्सर परत खोटं बोलणार. रिंग फार महाग नसते, नवी टाका. दोन्ही नट थोडे-थोडे, आळीपाळीनं आवळा. सिलिकॉन चुकूनही लावू नका! त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर बसते आणि सेन्सर कायमचा आंधळा. लई पोरं गळती दिसली की ट्यूब पिळतात.

आता १९००. थ्रॉटल बंद असताना ०.९२ दाखवलंत ना, तिथंच हाय ते. आधी रेसच्या केबलला ढील हाय का बघा, दोन-तीन मिलिमीटर पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडं-उजवीकडं वळवून बघा, आरपीएम हलतो का. ढील बरोबर असंल तर थ्रॉटल बॉडीवरचा छोटा स्क्रू बघा, ज्याच्यावर थ्रॉटलची पाकळी टेकते. त्याच्यावर कंपनीचा रंगाचा ठिपका असतो. तो तुटलेला दिसला तर कुणीतरी फिरवलाय.


केजचा_रस्ता
मंगळवार, रात्री ९:५५

ठिपका तुटलेला आहे. स्क्रूचं डोकं पण थोडं झिजलंय.


वाळूज_शिफ्ट
बुधवार, सकाळी ७:२०

साखळी जुळली. सेन्सर लटकवल्यामुळं गाडी चौकात बंद पडू लागली. मग कुणीतरी कार्बोरेटरच्या सवयीनं स्क्रू फिरवून आरपीएम चढवला. एफआयमध्ये तो स्क्रू आरपीएमचा नाहीच. जागेवरचा आरपीएम ईसीयू स्वतः वेगळ्या झडपेतून हवा कमी-जास्त करून सांभाळतो. पण थ्रॉटल बंद आहे हे त्याला कळलं तरच. ०.९२ बघून त्याला वाटतं तुम्ही रेस थोडी धरलीय.

करायचं असं. थ्रॉटल बॉडी काढून क्लीनर कापडावर मारून पुसा, थेट आत फवारू नका, बाजूच्या सेन्सरमध्ये गेला तर नवा खर्च. पाकळीच्या कडेची काळी रेघ गेली पाहिजे. बसवताना इंजिनकडचं रबर वाकवून बघा, चिरा असतील तर बदला. मग अडॅप्टर लावून, इंजिन बंद, चावी चालू, स्क्रू अगदी थोडा-थोडा सोडत तुमच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. बऱ्याच गाड्यांत तो अर्धा ते पाऊण व्होल्टच्या मध्ये असतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडाच धरा. पूर्ण रेसला चारच्या आसपास किंवा वर, आणि मधे कुठंही उडी न मारता चढला पाहिजे. उडी मारली तर सेन्सर झिजलाय.

काही गाड्यांना यानंतर ईसीयूला नवा शून्य शिकवावा लागतो, ते सर्व्हिस सेंटरच्या मशीनवरच होतं. बॅटरी काढून ठेवल्यानं सगळं विसरतं हे प्रत्येक गाडीला लागू नाही.


परभणी_जंक्शन
बुधवार, दुपारी १:४५

स्क्रूवरून आठवलं. वायरिंगवरचं आवरण पण तपासा. आमच्याकडं गाडी सोयाबीनच्या थप्पीशेजारी लावायचो, उंदरांनी इंजेक्टरची वायर कुरतडली होती. वरून टेप धडधाकट, आत तांब्याच्या दोन तारा शिल्लक. खड्ड्यात गेली की बंद, बाहेर आली की चालू. तीन मिस्त्री झाले, सापडेना.

आणि रीमॅपचं मी अजून म्हणतो हां.


उसाचा_फड
बुधवार, दुपारी ३:००

रीमॅपनं मायलेज वाढतं का कमी होतं तेवढं सांगा.


वाळूज_शिफ्ट
गुरुवार, सकाळी ७:४०

रीमॅप वाईट नाही. पण तो निरोगी गाडीवर करायचा असतो, डायनोवर, म्हणजे जागेवर चाक फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, चढवून, मिश्रण मोजत. सेन्सर लटकलेल्या गाडीवर केला असता तर चुकीच्या आकड्यांवर नवा तक्ता बसला असता. मायलेजसाठी करत असाल तर करू नका, जास्त ताकद हवी तर पेट्रोलही जास्त. काही न मोजता जागेवरच ईसीयूत फाइल टाकून देतो म्हणणाऱ्याकडं तर जाऊच नका.

चांगली चाललेली गाडी अजून चांगली करायची असेल तर कंटाळवाणी कामं आधी. चेनची ढील, चाकं हातानं फिरवून ब्रेक धरतोय का, टायरची हवा, एअर फिल्टर. आपल्याकडं उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ इतकी की कंपनीच्या वेळापत्रकाच्या निम्म्यातच फिल्टर उघडून बघावा. मोकळा फिल्टर लावू नका, ती धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते. आणि ३४ हजारांवर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मोजून घ्या, बहुधा कुणी मोजलाच नसेल.


मिस्त्री_लातूर
गुरुवार, रात्री ८:१५

टॅपेट गार इंजिनवर. रात्रभर उभी राहिलेली, सकाळी पहिलं काम. फिलर गेज घालून मोजायचा, कानानं नाही. टकटक आवाज येणारा टॅपेट लोकांना वाईट वाटतो, खरं भ्या गप्प बसलेल्याचं. एक्झॉस्टची फट संपली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो, आणि गरम गाडी चालू व्हायला त्रास देती. ते पण एफआयच्या नावावर खपतं.

आणि टाकी एकदम खाली येऊ देऊ नका. पंप पेट्रोलात बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला गार ठेवतं. मे महिन्यात उन्हात लावलेली गाडी, टाकीत लिटरभर पेट्रोल, असं रोज केलं तर मग खरंच साडेसात हजार.


शिक्षिका_हिंगोली
गुरुवार, रात्री ८:५०

आणि तोंडापर्यंतही भरू नका. पंपाचं नोझल आपोआप कट झालं की थांबायचं. बीएस-६ गाडीला टाकीची वाफ धरणारा कोळशाचा डबा असतो, वरपर्यंत भरलं की पेट्रोल त्यात उतरतं आणि गरम गाडी चालू व्हायला रुसते. मायलेज मोजायला टाकी फुल करायची असेल तर त्याच पंपावर, त्याच नोझलच्या कटपर्यंत, दोन्ही वेळा.


केजचा_रस्ता
रविवार, रात्री ९:००

नवी रिंग टाकली, थ्रॉटल बॉडी पुसली, व्होल्टेज मॅन्युअलच्या आकड्यावर आणला. फट-फट बंद. गरम गाडी चौकात १४०० वर उभी राहते. ओटू आता ०.१ ते ०.८ मध्ये नाचायलाय, ट्रिम अधिक ३-४ वर. काजळी पुसून प्लग परत टाकला, तो आता विटकरी पडायलाय. मायलेज कट ते कट मोजून ३७ आलं.

टॅपेट बघितला. इनटेक बरोबर होता, एक्झॉस्ट आवळ होता, काकांनी म्हणल्याप्रमाणं. लावून घेतला. डीलरला टेपचे फोटो पाठवलेत, मेसेज बघितला गेलाय, उत्तर नाही.


परभणी_जंक्शन
रविवार, रात्री ९:३०

अभिनंदन दादा. तो मोकळा सायलेन्सर पडूनच असेल ना आता? कितीला देणार?


केजचा_रस्ता
रविवार, रात्री ९:४५

फुकट न्या. पण त्याला ओटूचं भोक नाही. आधी बॉस वेल्ड करणारा गाठा, मग फोन करा.